बारा राशी आणि दोन साक्षी

दिवाळी अंक हाती पडला की तो शेवटून उघडणाऱ्या वाचकांची एक मोठी जात आहे. कथा-कविता मागाहून, आधी वार्षिक राशिभविष्य! आमच्या घरी तर अंक आल्यावर पहिला तासभर तो माझ्या वाट्याला येतच नाही. सौभाग्यवतींची कन्या, धाकट्या चिरंजिवांची वृश्चिक आणि शेजारच्या काकूंची सिंह, अशा तीन राशींचे बरेवाईट ठरल्याखेरीज अंक प्राध्यापक महाशयांकडे सरकत नाही. भविष्यावर माझा विश्वास नाही. परंतु त्या पानावर माझेही डोळे रेंगाळतात हे खरे. मजकुराहून त्याच्या डोक्यावर छापलेली चिमुकली चित्रे मला अधिक बोलकी वाटतात. मेंढा, बैल, जोडपे, खेकडा असे करता करता आपण धनु राशीपाशी येतो, आणि तिथे एक चमत्कारिक प्राणी उभा असतो. कमरेच्या वर धनुर्धारी माणूस, कमरेखाली घोडा!

हा घोडमाणूस आपल्या कुठल्या पुराणातला? किन्नरांना घोड्याचे तोंड असते असे आपण वाचतो. पण तिथे मुख घोड्याचे आणि धड माणसाचे. इथे सगळे उलटे. रामाच्या वानरसेनेत हा नाही, शिवाच्या गणांत नाही. आणि तरीही पनवेलच्या बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही पंचांगात तो बिनदिक्कत धनुष्य ओढून उभा आहे.

याचा पत्ता लावण्यासाठी वराहमिहिराकडे जावे लागते. सहाव्या शतकातला हा उज्जयिनीचा ज्योतिषी. त्याच्या 'बृहज्जातका'त बारा राशींची रूपे सांगितली आहेत. धनू म्हणजे मागचा भाग घोड्याचा असलेला धनुर्धर. मिथुन म्हणजे गदा आणि वीणा घेतलेले स्त्रीपुरुषांचे जोडपे. कन्या म्हणजे हातात धान्य आणि अग्नी घेऊन नावेत बसलेली मुलगी. मकराचे तोंड मृगाचे. मीन म्हणजे दोन मासे. मौज अशी की याच ग्रंथात राशींची आणखी एक नामावळी आहे, आणि ती संस्कृत वाटतच नाही: क्रिय, तावुरि, जितुम, कुलीर, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य, तौक्षिक, आकोकेर, हृद्रोग, इत्थ. एक कुलीर सोडला तर यातली जवळजवळ सगळी नावे ग्रीक भाषेतली आहेत. ग्रीक 'क्रिओस' म्हणजे मेंढा, 'टाउरोस' म्हणजे बैल, 'पार्थेनोस' म्हणजे कुमारिका, 'टोक्सोटेस' म्हणजे तिरंदाज. पाणी ओतणारा तो 'हिद्रोखोओस'. त्याचा आपल्या पंडितांनी सरळ 'हृद्रोग' करून टाकला. कुंभ राशीच्या वाचकांनी घाबरू नये. हा केवळ उच्चाराचा आजार आहे.

नुसती नावेच आली असे नाही. 'होरा' हा शब्द ग्रीक, 'जामित्र' ग्रीक. इतकेच काय, ज्याच्याशिवाय आपले एकही वर्तमानपत्र निघू शकत नाही तो 'केंद्र' हा शब्दसुद्धा मुळात ज्योतिषाबरोबर आलेला ग्रीक 'केंट्रॉन'. वर्गात मी हे सांगतो तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. 'राशी' हा शब्द मात्र आपला, आणि खळ्यावरचा. रास म्हणजे ढीग. सूर्याच्या वाटेचे बारा ढीग घातले, एकेक तीस अंशांचा. जसे भाताचे घालतात तसे.

बारा सारख्या भागांची ही कल्पना इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास बाबिलोनमध्ये निघाली. तिथून ती ग्रीकांकडे गेली, ग्रीकांच्या इजिप्तमध्ये तिला जातकाचे शास्त्र चिकटले आणि इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ती भारतात उतरली. 'यवनजातक' नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे. ग्रीकांचे ज्योतिष संस्कृत पद्यात आणल्याची कबुली त्याच्या नावातच आहे. हा सगळा व्यवहार ज्या काळात झाला त्या काळात यवनांची जहाजे आपल्या किनाऱ्याला लागत होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या रोजनिशीवजा पुस्तकात कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांची नावे आहेत. घाट चढून गेले की कार्ल्याच्या चैत्यात यवन दात्यांनी दिलेल्या खांबांवर त्यांचे लेख आहेत. एका खांबाच्या माथ्यावर तर स्फिंक्ससारखी आकृतीही आहे. बोरघाटातून लोणावळ्याला जाणारी गाडी पनवेलकरांच्या रोजच्या परिचयाची आहे. त्याच वाटेच्या आसपास कधीतरी एखादा यवन व्यापारी आपल्या जन्मलग्नाची टिपणे गाठोड्यात बांधून चढून गेला असेल, अशी कल्पना करायला मला तरी आवडते.

आता याच बारा जणांच्या पश्चिमेकडच्या प्रवासाकडे वळू. इकडे आपले शिलाहार राजे कोकणावर राज्य करीत होते त्या अकराव्या-बाराव्या शतकांत युरोपात जाड भिंतींची, अर्धवर्तुळाकार कमानींची दगडी चर्चे उभी राहत होती. रोमन इमारतींचा वारसा सांगणाऱ्या त्या शैलीला पुढच्या लोकांनी रोमानेस्क असे नाव दिले. आपल्या अंबरनाथच्या शिवालयातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. फ्रान्समधल्या ओतँ गावच्या कॅथीड्रलचे प्रसिद्ध महाद्वार ११३० च्या आसपासचे. पिढ्यांचा हिशेब केला तर पणजोबा आणि पणतू. या ओतँच्या दारावर, गिस्लेबेर्तुस हे नाव कोरलेल्या शिल्पात, शेवटच्या न्यायाचा देखावा आहे: मध्ये ख्रिस्त, एका बाजूला तरलेले, दुसऱ्या बाजूला बुडालेले आणि त्यांना ओढणारी भुते. आणि या सगळ्या भयंकर देखाव्याच्या भोवती कमानीवर, एका ओळीत बसवलेल्या गोल चकत्यांत, आपले दिवाळी अंकातले बारा जण! शेजारी त्या त्या महिन्याचे काम. कुणी शेकोटीशी पाय शेकत बसला आहे, कुणी वेल छाटतो आहे, कुणी द्राक्षे तुडवतो आहे, कुणी डुकराला ओकची फळे चारतो आहे.

व्हेझलेच्या चर्चमध्ये अशाच चकत्या आहेत. इटलीत तोरिनोजवळच्या डोंगरावरल्या सान मिकेले मठात तर एका दाराचे नावच 'राशींचे द्वार' असे आहे. शार्त्रच्या पश्चिमेकडच्या दारांची गंमत न्यारी. तिथे डावीकडच्या दारावर राशी कोरायला घेतल्या, पण कमानीत दहाच बसल्या. उरलेले मीन आणि मिथुन हे दोघे उजवीकडच्या दारावर, भलत्याच मंडळींत नेऊन बसवले आहेत. लग्नात पंगत भरली की उरलेल्या पाहुण्यांची पाने शेजारच्या घरी मांडतात, त्यातलाच प्रकार.

देवळात राशी आल्या म्हणजे पाद्री भविष्य सांगत होते असे मात्र नाही. संत ऑगस्टिनने सातशे वर्षे आधीच ज्योतिषांना चांगले झोडपले होते. एकाच वेळी जन्मलेल्या जुळ्या भावांचे नशीब वेगळे का, हा त्याचा प्रश्न आजही आमच्या स्टाफरूममध्ये वर्षातून एकदा तरी निघतोच. चर्चच्या दारावरच्या राशी होत्या त्या पंचांग म्हणून. अक्षरशत्रू शेतकऱ्याने वर पाहावे. खेकडा दिसला की गवत कापावे, विंचू दिसला की थंडीची तयारी करावी. आणि हा सारा काळ देवाच्या मुठीत आहे हे ध्यानात ठेवून आत शिरावे. धनुर्धारी घोडमाणूस तिथेही आहे. उज्जयिनीच्या पंडिताने श्लोकात जे लिहिले आणि बर्गंडीच्या पाथरवटाने छिन्नीने जे काढले, ते एकच चित्र! दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याचा प्रश्नच नव्हता.

इथे एक कोडे उभे राहते आणि ते मला बरीच वर्षे छळत आले आहे. राशी आपल्याकडे आधी आल्या. आपल्या बोलण्यात त्या इतक्या मुरल्या की एखादा माणूस आपल्या 'राशीला लागतो', संकट आले की आपल्यावर 'संक्रांत येते'. मुलीच्या लग्नात कांदेपोह्यांच्या आधी राशी विचारतात. मग आपल्या देवळांच्या दगडावर त्या का नाहीत? अष्टदिक्पाल आहेत, नवग्रहांच्या ओळी आहेत, सप्तमातृका आहेत, कीर्तिमुखांची तर लयलूट आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वरात आभाळ दिसावे म्हणून स्वर्गमंडपाचे छतच गोल उघडे ठेवले आहे. पण बारा राशींचे सलग वलय हे आपल्या यादव-शिलाहार मंदिरांचे ठरीव लेणे कधी झाले नाही.

दक्षिणेत ते आढळते. शृंगेरीच्या विद्याशंकर मंदिराच्या मंडपात बारा खांबांवर बारा राशी आहेत आणि ज्या महिन्यात सूर्य ज्या राशीत असेल त्या खांबावर सकाळचे ऊन पडते अशी श्रद्धा आहे. मला वाटते उत्तराचा धागा इथेच कुठेतरी आहे. खाली केरळात महिन्यांची नावेच मुळी राशींची: चिंगम् म्हणजे सिंह, कन्नी म्हणजे कन्या, मग तुलाम्, वृश्चिकम्, धनु, मकरम्. तिथे राशी बदलली की महिना बदलतो. युरोपातही महिने सूर्याचेच. आपले महिने चंद्राचे, आणि त्यांची नावे नक्षत्रांवरून: चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख, कृत्तिकेवरून कार्तिक. मराठी शेतकऱ्याचे वर्ष राशीने चालत नाही, नक्षत्राने चालते. सूर्य वृषभेत आहे की मिथुनेत, हे विचारले तर पनवेलच्या आसपासचा भातशेती करणारा माणूस हसेल. पण मृग कधी निघतो हे त्याला पाठ असते. जूनच्या सात-आठ तारखेला मृग, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. आणि सप्टेंबरच्या अखेरीस हस्त.

आणि या नक्षत्रांना आपण जनावरेही जोडून दिली आहेत! पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन सांगतात: हत्ती, बेडूक, म्हैस, मोर, गाढव, उंदीर, कोल्हा, मेंढा, घोडा. बेडूक किंवा म्हैस असली की पाऊस भरपूर, कोल्हा-मेंढा असला की हुलकावणी. भाकीत म्हणून त्याची किंमत काय ती वेधशाळेने ठरवावी. पण पावसाळ्याच्या तोंडावर घरोघर 'यंदा मृगाचे वाहन काय?' असे विचारले जाते, तेव्हा जो प्राणिसंग्रह डोळ्यांपुढे येतो तो आपला खरा देशी राशिचक्रपट. फक्त तो दगडावर कोरला नाही. तो बोलण्यात राहिला. हस्त नक्षत्राचा हत्ती तेवढा चित्रात उतरला. अश्विनात मुली पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरतात, तो भोंडला किंवा हादगा. ओतँच्या कमानीवरला सिंह नऊशे वर्षे टिकला. आमच्या मुलींचा हत्ती दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसला जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढला जातो. जास्त काळ कोण टिकले म्हणायचे?

बारांपैकी एकाला मात्र आपल्या पाथरवटांनी जवळ केले, आणि तो म्हणजे मकर. बाबिलोनमध्ये हा प्राणी पुढून बोकड आणि मागून मासा होता. रोमानेस्क चर्चवर तो तसाच आहे: शिंगे, दाढी आणि मागे वळलेले शेपूट. आपल्याकडे मात्र राशी येण्याच्या आधीपासूनच मकर नावाचा एक जलचर होता. गंगेचे वाहन, वरुणाचे वाहन, मदनाच्या ध्वजावरचे चिन्ह. परदेशी बोकडमासा आला तेव्हा आपण त्याला या जागेवर बसवले. हत्तीची वळलेली सोंड, मगरीचा जबडा आणि मागे पिसाऱ्यासारखी फुललेली वेलबुट्टीची शेपूट, असा त्याचा थाट. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात दाराशेजारी गंगा ज्यावर उभी आहे तो मकर एकदा अवश्य पाहावा. जुन्या शिवालयांत गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी जिथून बाहेर पडते ती दगडी पन्हळही पुष्कळदा मकरमुखी असते. आपण तिथे तीर्थाला हात लावतो आणि पुढे होतो. 'मकर रास' म्हणून वर्तमानपत्रात ज्याच्यावर रुसतो-हसतो तो हाच, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

बाकी अकरा गैरहजर. पण आभाळ गैरहजर नाही. आमच्या रायगड जिल्ह्यात ते फार वेगळ्या रीतीने दगडावर उतरले आहे. शेताच्या कडेला, तळ्याच्या काठावर, गावदेवीच्या देवळामागे कमरेएवढी उभी शिळा दिसते. माथ्यावर एका बाजूला सूर्याची चकती, दुसऱ्या बाजूला चंद्राची कोर. मध्ये कधी लेख, कधी नुसतीच मोकळी जागा. आणि खाली एक गाढव आणि एक स्त्री यांचे जे दृश्य असते त्याचे वर्णन कौटुंबिक अंकात करण्याजोगे नाही. हिला गधेगळ म्हणतात. राजाने किंवा अधिकाऱ्याने देवाला, ब्राह्मणाला, मठाला जमीन दान दिली. ते दान पुढे कुणी हिरावून घेतले तर त्याच्या आईच्या वाट्याला काय येईल, हे त्या चित्रात सांगितलेले असते. वरचे चंद्रसूर्य हे साक्षीदार, आणि मुदतही तेच: 'आचंद्रार्क', चंद्रसूर्य असेतोवर. युरोपातल्या पाथरवटाने आभाळ कोरले ते काळ मोजायला. आमच्याने कोरले ते काळ संपत नाही हे बजावायला.

या शिवीबद्दल माझे मत चांगले नाही, हे सांगून टाकतो. जमीन लाटणार मुलगा, आणि धिंडवडे आईचे! आठशे-हजार वर्षांत आपल्या शिव्यांनी ही खोड सोडलेली नाही. परंतु मराठीचा अध्यापक म्हणून याच दगडांपुढे मला नम्र व्हावे लागते. परळला सापडलेला शिलाहार अपरादित्याचा शके ११०८ चा, म्हणजे ११८७ चा लेख आता मुंबईच्या संग्रहालयात आहे. राजाची बिरुदे आणि दानाचा तपशील संस्कृतात. पण शेवटी शाप द्यायची वेळ आली तशी भाषा मराठी झाली. साहजिकच आहे. बिरुदे न कळली तरी चालतात. शिवी ज्याला द्यायची त्याला ती कळलीच पाहिजे! आणि अलिबागजवळच्या आक्षीचा तो दगड, कितीएक वर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपावसात उभा असलेला. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा वाचला. वाचनाबद्दल विद्वानांत वाद आहे. तथापि तुळपुळ्यांचे वाचन मानले तर श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या सुप्रसिद्ध ओळीहून हा लेख जुना ठरतो आणि मराठीच्या ज्ञात कोरीव लेखांत पहिला मान त्याच्याकडे येतो. आपली भाषा दगडावर प्रथम उमटली ती एका दानपत्रात, चंद्रसूर्याच्या साक्षीने आणि गाढवाच्या धाकाने. पाठ्यपुस्तकात हे इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिता येत नाही.

हे सगळे मी वर्गात सांगत असताना दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. खाडीपलीकडच्या गावातला मुलगा. म्हणाला, "सर, आमच्या बांधावर असला एक दगड आहे. पण आम्ही त्याला देवी म्हणतो."

पनवेल परिसरात जमिनीचे काय चालले आहे हे वाचकांना सांगायला नको. उलव्याची टेकडी उडवली, नदीचा प्रवाह वळवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. गावागावांत गुंठ्याचे भाव काढायला आता लहान मुलांनाही कागद-पेन्सिल लागत नाही. त्या मुलाच्या घरच्यांनीही एक तुकडा विकायला काढला होता आणि घेणाऱ्याची अट अशी की बांध मोकळा करून द्यावा. देवीला हलवायचे कुठे, यावर घरात दोन तट पडले होते. धाकटे काका म्हणत खाडीत सोडू. आजी म्हणे, मी मेल्यावर काय ते करा.

रविवारी आमचे इतिहासाचे सहकारी आणि मी असे दोघे गेलो. दगड खालच्या अंगाने शेंदराने इतका थापलेला की त्याचा नुसता एक लाल गोळा झाला होता. वर मात्र चकती आणि कोर स्वच्छ. शेंदूर काढायला आजीची परवानगी मिळेना. शेवटी तिने स्वतःच नारळ फोडला, पाया पडली आणि "हां, काढा" म्हणाली. तेल लावून हळूहळू थर सुटला तसे आतले गाढव दिसू लागले, आणि मागे उभ्या असलेल्या बायका पदर तोंडाला लावून घरात गेल्या. लेख एका अक्षराचाही नव्हता. अशा मुक्या गधेगळी पुष्कळ असतात; चित्रानेच काम भागे.

(जाता जाता सांगायचे तर ओतँच्या त्या महाद्वारावरही लेप चढला होता. १७६६ साली तिथल्या धर्माधिकाऱ्यांना ते जुने शिल्प गावंढळ वाटले आणि त्यांनी ते गिलाव्याखाली गाडून टाकले. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत ठिकठिकाणच्या चर्चमधल्या मूर्तींवर हातोडे चालले, हे मात्र गिलाव्याआड सुखरूप राहिले. १८३७ मध्ये लेप काढला तेव्हा आतून भुते, राशी आणि द्राक्षे तुडवणारा शेतकरी बाहेर आले. ख्रिस्ताचे शिर गिलाव्याच्या आड येत होते म्हणून आधीच उडवलेले होते. ते १९४८ साली परत जागेवर बसले. शेंदराचा मला तेव्हापासून पूर्वीइतका राग येत नाही.)

ओसरीवर चहा आला. मी दगडाचा अर्थ शक्य तितक्या सभ्य शब्दांत सांगितला: ही देवी नव्हे, दान दिलेली जमीन जो हिसकावून घेईल त्याला घातलेला हा शाप आहे आणि वरचे चंद्रसूर्य त्याचे साक्षी आहेत. घरात एकदम शांतता पसरली. मला कारण कळेना. मग आजीने विचारले,

"मास्तर, भैनीचा वाटा खानाऱ्याला पन यो शाप लागतो का?"

धाकटे काका उठून बाहेर गेले. मागाहून मुलाने सांगितले की विक्रीच्या कागदांबरोबर आत्याचे हक्कसोडपत्रही तयार होते. भाऊबीजेला ती आली की ओवाळणीच्या ताटाशेजारीच तिची सही घ्यायची असे ठरले होते. आमच्या भागात हे अगदी सर्रास चालते. बहिणीही मुकाट्याने सही करतात, कारण माहेरचे दार उघडे राहावे ही आस गुंठ्याच्या भावाहून मोठी असते.

मी आजीला खरे तेच सांगितले. शास्त्राप्रमाणे हा शाप दानाच्या जमिनीपुरता आहे. वारसांच्या वाट्याबद्दल दगड काही बोलत नाही. वारसांपुरता कायदा निराळा आहे आणि तो मुलींच्या बाजूचा आहे. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिची नजर त्या चकतीवर होती.

त्या भाऊबीजेला आत्या आली, जेवली, ओवाळून गेली. सहीचा कागद कुणी काढला नाही, एवढे मुलाकडून कळले. पुढच्या उन्हाळ्यात तुकडा विकला गेला, आणि चौथा हिस्सा आत्याच्या नावे बँकेत जमा झाला. काका वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. दगड त्यांनीच ट्रॅक्टरवर घालून गावदेवीच्या आवारात आणला आणि पारावर उभा केला. गाढवाची बाजू भिंतीकडे, म्हणजे बायकांची अडचण नको. आता चंद्रसूर्य तेवढे समोरून दिसतात. आमचे सहकारी यावर नाराज आहेत, कारण छायाचित्र नीट येत नाही. पाठ भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावी अशी विनंती आम्ही गावकऱ्यांना केली आहे आणि शिळेची नोंद व्हावी म्हणून पुरातत्त्व विभागाकडे अर्जही दिला आहे.

या सुट्टीत अलिबागला जाणाऱ्या वाचकांनी समुद्रावर उतरण्याआधी आक्षीला थोडे थांबावे. चौल-रेवदंड्याच्या रस्त्यावर अलिबागपासून अर्धा तासही लागत नाही. मात्र दुपारी जाऊ नये. ऊन माथ्यावर आले की कोरीव रेषा सपाट होतात आणि दगड मुका दिसतो. सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर जावे. ऊन तिरपे पडले की आधी कोर दिसते, मग चकती, आणि डोळा सरावला म्हणजे खालची अक्षरे एकेक करून वर येऊ लागतात. अक्षरांवर खडू किंवा रांगोळी घासू नये. बरोबर मुले असतील तर गाढवाबद्दल ती विचारणारच. त्याचे उत्तर घरूनच ठरवून निघावे.